खिशातला गव्हर्नर

गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवन आठवतं. एसटीच्या ड्रायव्हरला आठवतो तो गाडीचा वेग ठरावीक आकड्यापुढे जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर. आणि भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या धानाच्या गावात ज्यांनी बांधीला पाणी देण्यासाठी डिझेल इंजिन चालवलंय, त्यांच्या डोळ्यांपुढे इंजिनाच्या पोटातली फिरणारी दोन वजनं येतात. इंजिन रिकामं फिरत असतं तेव्हा ते एका लयीत टकटकत असतं. पंपाचा पट्टा चढवला की भार येतो, आवाज दबतो, फेरे कमी होतात. फेरे कमी झाले की ती वजनं आत सरकतात, त्यांना जोडलेली दांडी डिझेल वाढवते आणि इंजिन पुन्हा आपल्या लयीवर येतं. कुणी हात लावावा लागत नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या इंजिनांनी हा प्रकार महाराष्ट्राच्या गावागावांत नेला, पण कल्पना त्याहून बरीच जुनी. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनावर असे दोन फिरते गोळे बसवले होते, आणि १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने या गव्हर्नरांच्या गणितावर एक अख्खा शोधनिबंध लिहिला.

तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्यातही एक गव्हर्नर आहे. नाव तेच, काम जवळजवळ तेच. फोन अँड्रॉइडचा असेल तर तो गव्हर्नर लिनक्स कर्नेलच्या ‘सीपीयूफ्रेक’ नावाच्या भागात राहतो, आणि तुम्ही स्क्रीनवर बोट फिरवलंत की प्रोसेसरने सेकंदाला किती ठोके टाकायचे हे तो ठरवतो. थांबून वाचत असाल तर ठोके कमी. सर्रकन खाली गेलात तर जास्त. तुमची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकणार की दुपारीच मान टाकणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं. तो कुठून आला आणि त्याला अधिकार कुणी दिले, याचा इतिहास फार कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात उलटीकडून झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि त्या काळचे काही गेम प्रोसेसरच्या ठोक्यांवरच आपलं घड्याळ लावून बसलेले होते. पुढे वेगवान मशीन आली तेव्हा हे गेम इतक्या सुसाट पळायला लागले की खेळताच येईना. मग पीसीच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग मशीन हळू करण्याचा. वेग बदलणारा गव्हर्नर तेव्हा माणूस होता आणि वीज वाचवणं कुणाच्या मनातही नव्हतं.

वीज मनात आली ती लॅपटॉपमुळे. इथे थोडं भौतिकशास्त्र घ्यावंच लागेल, कारण पुढचा सगळा इतिहास एका सूत्राभोवती फिरतो. प्रोसेसरमधला प्रत्येक सूक्ष्म स्विच बदलताना थोडा विद्युतभार वर चढवतो आणि ओतून देतो. विहिरीतून बादली ओढण्यासारखं समजा. ठोके म्हणजे मिनिटाला किती बादल्या, आणि व्होल्टेज म्हणजे विहिरीची खोली. नुसते ठोके कमी केले तर तुम्ही दमता कमी, पण टाकी भरायला तितक्याच बादल्या लागतात. एकूण मेहनत तीच, फक्त वेळ जास्त. खरी गंमत व्होल्टेजमध्ये आहे. या विचित्र विहिरीत खोली निम्मी केली की बादलीही निम्मीच भरते, म्हणजे प्रत्येक खेपेची मेहनत चौथाईवर येते. खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. आता मेख अशी, की व्होल्टेज कमी केलं की स्विच सावकाश उघडझाप करतात, म्हणून आधी ठोके कमी करावे लागतात. ठोके कमी करणं ही व्होल्टेज कमी करण्याची परवानगी आहे, एवढंच.

ही गोष्ट संगणकशास्त्रात ठामपणे मांडली ती मार्क वायझर आणि त्याच्या झेरॉक्स पार्कमधल्या सहकाऱ्यांनी, १९९४ मध्ये. वायझर म्हणजे तोच, ज्याने १९९१ मध्ये लिहिलं होतं की पुढे संगणक सगळीकडे असतील आणि आपल्याला ते जाणवणारही नाहीत. असे सगळीकडचे संगणक बॅटरीवर चालणार, तर ऑपरेटिंग सिस्टिमनेच कामाचा भार पाहून वेग ठरवावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांनी तीन पद्धती कागदावर तपासल्या. एकीला सगळं भविष्य माहीत, दुसरीला थोडंसं, आणि तिसरीला फक्त भूतकाळ. पहिल्या दोन अर्थातच प्रत्यक्षात शक्य नाहीत. तिसरीचं नावच ‘पास्ट’. मागच्या काही मिलिसेकंदांत जेवढं काम होतं तेवढंच पुढच्या क्षणी असेल असं ती धरून चालते. काल पाऊस पडला म्हणजे आज पडेल, इतकंच शहाणपण. पण आज तुमच्या फोनमध्ये जे चालतं ते या शहाणपणाचंच सुधारलेलं रूप आहे. वायझर १९९९ मध्ये गेला. आपली कल्पना कोट्यवधी खिशांत पोचलेली त्याने पाहिली नाही.

पुढच्याच वर्षी बाजार हलला. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’चा पेंटियम थ्री आणला. चार्जर लावलेला असताना ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. गणित करून पाहा. वेग साधारण २३ टक्क्यांनी उतरतो, पण वर्गाच्या कृपेने विजेचा खर्च जवळपास ४५ टक्क्यांनी. त्याच महिन्यात ट्रान्समेटा नावाच्या छोट्या कंपनीने ‘क्रुसो’ प्रोसेसर जाहीर केला. त्यातलं ‘लाँगरन’ तंत्र चार्जरची वाट न पाहता कामाप्रमाणे वेग आणि व्होल्टेज बदलत राहायचं. या कंपनीत तेव्हा लिनस टोरव्हाल्ड्स नोकरीला होता. कंपनी पुढे टिकली नाही, पण इंटेलला बॅटरीकडे गंभीरपणे बघायला लावण्याचं श्रेय तिला द्यायला हवं.

लिनक्समध्ये हे काम सुरू झालं ते एआरएम चिपांच्या बाजूने, जिथे बॅटरी हा पहिल्यापासूनच जीवनमरणाचा प्रश्न होता. एआरएम लिनक्सचा रसेल किंग आणि त्याच्यानंतर डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांनी उभा केलेला सीपीयूफ्रेक २००२ मध्ये कर्नेलच्या २.५ या विकास मालिकेत आला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ बरोबर जगभर गेला. त्यांनी एक विभागणी केली जी आजही टिकून आहे. एक भाग ड्रायव्हर, दुसरा गव्हर्नर. आपल्याला हे एसटीवरून चटकन कळतं. घंटी मारतो कंडक्टर. गिअर, क्लच, ब्रेक सांभाळतो ड्रायव्हर. कंडक्टरला इंजिन कसं आहे याच्याशी देणंघेणं नाही आणि ड्रायव्हर मागे किती माणसं चढली हे मोजत बसत नाही. गव्हर्नर नुसतं सांगतो, ‘एवढा वेग’. तो कसा आणायचा हे त्या विशिष्ट चिपचा ड्रायव्हर बघतो.

ड्रायव्हरचं काम वरून साधं वाटतं, पण त्यात एक क्रम आहे जो चुकला तर मशीन जागच्या जागी गारठतं. वेग वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज वाढवा, ते स्थिरावू द्या, मग ठोके वाढवा. कमी करायचा असेल तर आधी ठोके, नंतर व्होल्टेज. कुठल्या ठोक्याला किती व्होल्टेज लागतं याचं कोष्टक प्रत्येक चिपचं वेगळं. २००३ ते २००६ च्या काळात ज्यांनी लॅपटॉपवर स्वतः कर्नेल बांधला, त्यांना त्या मेनूतली ड्रायव्हरांची रांग आठवत असेल. स्पीडस्टेप-सेंट्रिनो, पॉवरनाऊ-के७, पॉवरनाऊ-के८, एसीपीआय-सीपीयूफ्रेक. योग्य नाव न निवडता कर्नेल बांधला की मशीन सुरू व्हायचं, सगळं चालायचं, फक्त वेग बदलायचा नाही आणि पंखा घोंघावत राहायचा. काही मदरबोर्डांच्या बायॉसमधली कोष्टकंच चुकीची असायची आणि कर्नेल सुरू होतानाच तशी तक्रार करायचा.

त्या रांगेत एक नाव फसवं होतं, ‘पी४-क्लॉकमॉड’. पेंटियम फोरवर ते लावलं की पडद्यावर झकास आकडे उतरताना दिसायचे. पण हा ड्रायव्हर व्होल्टेजला हातच लावत नाही. तो नुसते मधले मधले ठोके गाळतो. म्हणजे विहीर तितकीच खोल, बादली तितकीच मोठी, फक्त ओढणारा मध्येच थांबून बिडी ओढतो. काम उशिरा होतं आणि वाचत जवळपास काहीच नाही. कर्नेलच्या मेनूतच सूचना होती की हा अगदी अपवादात्मक परिस्थितीतच वापरा. तरी लोक लावायचे. आकडा खाली आला म्हणजे बचत झाली, ही समजूत तेव्हाही होती आणि आज ‘बॅटरी सेव्हर’ ॲप विकणाऱ्यांचा धंदा तिच्यावरच चालतो.

गव्हर्नरांकडे वळू. सुरुवातीचे तिघे अगदी सरळ स्वभावाचे. ‘परफॉर्मन्स’ कायम वरच्या टोकाला, ‘पॉवरसेव्ह’ कायम खालच्या, आणि ‘यूजरस्पेस’ सगळा निर्णय बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवणारा. मागणीप्रमाणे चालणारा ‘ऑनडिमांड’ २००४ मध्ये २.६.९ या आवृत्तीत आला. तो लिहिला इंटेलमधल्या वेंकटेश पल्लीपाडी आणि जुन नाकाजिमा यांनी. ठरावीक काळाने तो प्रोसेसर किती व्यग्र होता ते बघायचा. भार ८० टक्क्यांच्या पुढे गेला की पायरी पायरी न चढता थेट सर्वोच्च वेगावर उडी. उतरताना मात्र जपून. मला या गव्हर्नरचा स्वभाव मनापासून आवडतो. कारण माणसाला उशीर लगेच जाणवतो, वाया गेलेली वीज जाणवत नाही, हे त्याने बरोबर ओळखलंय. पुढच्या वर्षी आलेला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ चढतानाही पायरीपायरीने चढायचा.

मग फोन आले आणि ऑनडिमांडचं गणित बिघडलं. बोट स्क्रीनला लागल्यावर पुढची चौकट साधारण सोळा मिलिसेकंदांत उमटायला हवी. गव्हर्नर तोवर मागचा हिशोब बघत बसला तर हाताखालची यादी अडखळते. गूगलने अँड्रॉइडसाठी ‘इंटरॲक्टिव्ह’ नावाचा वेगळा गव्हर्नर बनवला आणि अनेक वर्षं बहुतेक फोन त्याच्यावर चालले. मुख्य लिनक्समध्ये मात्र तो कधीच घेतला गेला नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी सगळ्यात ठसठशीत संबंध याच काळात येतो, आणि तो एका सात इंची टॅबलेटमधून. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ जाहीर झाला. जगातला सगळ्यात स्वस्त टॅबलेट, भारतीय विद्यार्थ्यांसाठी. आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि २,१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी. हातात आल्यावर दोन मोठ्या तक्रारी झाल्या, हळू चालतो आणि बॅटरी टिकत नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी कशा, असं वाटेल. कमी वेग म्हणजे कमी वीज नाही का? इथे वायझरचा धडा उलट्या बाजूने समजतो. गव्हर्नरची सगळी कमाई फावल्या वेळातून होते. काम पटकन उरकून प्रोसेसर निवांत बसला तर ठोके उतरवता येतात, व्होल्टेज उतरवता येतं. ३६६ मेगाहर्ट्झच्या चिपवर अँड्रॉइड आणि व्हिडिओ लादला की ती सतत छाती फुटेस्तोवर धावते. गव्हर्नरला खाली यायला जागाच उरत नाही, आणि पडदा तर सगळा वेळ जळतच असतो.

२०१२ मध्ये प्रकल्प पवईला, आयआयटी मुंबईकडे आला. प्रा. दीपक फाटक यांनी तिथे त्याचं नेतृत्व केलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आलेल्या ‘आकाश-२’ मध्ये ऑलविनर कंपनीची ए१३ चिप होती, १ गिगाहर्ट्झची, जोडीला ५१२ एमबी रॅम. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्याला १,१३० रुपयांत मिळणार होता. ती तारीख मुद्दाम लक्षात घ्या. महाराष्ट्र त्या वेळी भारनियमनाने बेजार होता आणि १२-१२-१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू अशी घोषणा ऐकत होता. तालुक्याच्या गावाबाहेर राहणाऱ्या मुलीला टॅबलेट मिळाला तरी वीज कधी येईल यावर तिचा अभ्यास ठरणार. तिच्यासाठी चिपच्या व्होल्टेजचं कोष्टक हा अभियंत्यांच्या हौसेचा विषय नव्हता. रात्री आठला दिवे गेल्यावर धडा पुरा होणार की नाही, एवढा तो साधा होता.

ऑलविनरचा कर्नेल आपला स्वतःचा गव्हर्नर घेऊन आला होता आणि त्याचं नाव होतं, विश्वास ठेवा, ‘फँटसिज’. चिप बनवणाऱ्याने आपल्यापुरतं जुळवलेलं एक काम, जगाच्या कर्नेलपासून तुटलेलं. आयआयटी मुंबईच्या गटाने आकाशवर अँड्रॉइडच्या जागी पूर्ण लिनक्स बसवण्याचं काम केलं आणि ते उघड ठेवलं, म्हणजे कुणालाही कर्नेल स्वतः बांधून बघता यावा. माझ्या मते आकाशची ही बाजू हार्डवेअरपेक्षा मोलाची होती. स्वस्त टॅबलेट तर चीनमधून आपोआप येणारच होते, आणि आलेही. आतलं कोष्टक उघडून बघायची मुभा आपोआप येत नाही. योजना मात्र पुढे विरत गेली. दोन-तीन वर्षांत स्वस्त फोनांनी तिची जागा घेतली.

फँटसिज हा काही एकटा अपवाद नव्हता. एआरएमच्या जगात प्रत्येक कंपनी आपापला ड्रायव्हर, आपापलं कोष्टक कर्नेलमध्ये कोंबत होती. २०११ मध्ये या पसाऱ्यावर लिनस उघडपणे चिडला. त्यातून हळूहळू शिस्त आली. चिपची माहिती कोडमधून काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वेगळ्या फाइलीत गेली आणि ठोके-व्होल्टेजच्या जोड्याही तिथेच मांडल्या जाऊ लागल्या. पन्नास ड्रायव्हरांच्या जागी त्या जोड्या वाचणारा एकच सामायिक ड्रायव्हर पुष्कळ चिपांना पुरू लागला. हा ‘सीपीयूफ्रेक-डीटी’ घडवण्यात आणि सगळ्या विभागाची देखभाल करण्यात विरेश कुमार या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा आहे. त्याच सुमारास एनव्हिडियाच्या टेग्रा चिपांचा क्लॉकचा कोड कर्नेलच्या सामायिक चौकटीत आणला गेला. ते पॅच पाहिले तर लिहिणाऱ्याचं नाव दिसतं प्रशांत गायकवाड, आणि कर्नेलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतही टेग्रा क्लॉकपुढे ते नाव आहे. वेग कितीही शहाणपणाने ठरवला तरी शेवटी क्लॉकची कळ फिरवणारा कोड कुणीतरी लिहावा लागतो, आणि तो कोड कधी बातमीत येत नाही.

गव्हर्नर बातमीत आले ते वेगळ्याच कारणाने. जुलै २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवून दिलं की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ मध्ये ठरावीक बेंचमार्क ॲप सुरू झाली की प्रोसेसर वरच्या वेगाला जाऊन बसतो. परीक्षक आला की वर्ग टापटीप. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला मान्य करावं लागलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग मुद्दाम उतरवला जातो. तांत्रिकदृष्ट्या ॲपलचं कारण खोटं नव्हतं. थकलेली बॅटरी अचानक मोठा प्रवाह देऊ शकत नाही. पण मालकाला न सांगता केलेली ती गोष्ट होती, आणि हजारो लोकांनी त्या काळात नवीन बॅटरीऐवजी नवीन फोन घेतला असणार. वेगाचा निर्णय कुणाचा, या प्रश्नाला तेव्हा पैशाचं तोंड फुटलं.

आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा ‘शेडयूटिल’ असेल. रफाल विसोत्स्कीने लिहिलेला हा गव्हर्नर २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीत आला. ऑनडिमांड अधूनमधून खिडकीतून डोकावणारा होता. शेडयूटिल थेट शेड्यूलरच्या शेजारी बसतो. कुठलं काम कुठल्या कोअरवर किती भार टाकतंय हे शेड्यूलरला आधीच माहीत असतं, त्याला तेच विचारायचं. त्याचं सूत्र एका ओळीचं. जेवढा भार, त्याच्या सव्वापट वेग. कोअरचा कमाल वेग २ गिगाहर्ट्झ असेल आणि भार ४० टक्के, तर १ गिगाहर्ट्झ माग. वरचा पाव हिस्सा अचानक काम वाढलं तर म्हणून. सव्वा! शुभकार्याला सव्वा रुपया ठेवणाऱ्यांना हे सूत्र लक्षात ठेवायला त्रास पडू नये.

हे सगळं बघायला कर्नेल बांधायची गरज नाही. टर्मिनलचं एखादं ॲप घ्या आणि ‘सिस’ फोल्डरमधून डिव्हायसेस, सिस्टिम, सीपीयू, सीपीयू० असं उतरत सीपीयूफ्रेकपर्यंत जा. फोनने परवानगी दिली तर तिथे साध्या मजकुराच्या छोट्या फाइली दिसतील. एकीत गव्हर्नरचं नाव, एकीत या क्षणाचा वेग, एकीत सध्या वेग कुठवर नेता येईल ती मर्यादा. वाचता येतील, पण बदलता बहुधा येणार नाहीत. कुलपाची किल्ली फोन बनवणाऱ्याने आपल्याकडे ठेवलेली असते.

मर्यादेची ती तिसरी फाइल मे महिन्यात बघण्यासारखी असते. सानगडीच्या परिसरात मालगुजारी तलाव आहेत, कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले. उन्हाळ्यात तलाव आटला की धानाला पाणी किती सोडायचं याची चर्चाच संपते, मग कुणाची पाळी आणि किती बांध्या हे सगळे हिशोब बाजूला पडतात. फोनचंही तसंच. दुपारी पारा ४५ कडे सरकलेला, फोन उन्हात किंवा मोटरसायकलच्या हँडलवर, वर मॅप चालू. चिपचं तापमान एका रेषेपुढे गेलं की कर्नेलमधला उष्णता सांभाळणारा वेगळा भाग पुढे येतो आणि ती मर्यादा खाली ओढतो. शेडयूटिल सव्वापट मागत राहतो, भार शंभर टक्के दाखवत राहतो. ड्रायव्हर मात्र तेवढाच वेग देतो जेवढा त्या फाइलीत लिहिलाय, आणि नकाशावरचा निळा ठिपका अडखळत पुढे सरकतो.